चौदा हजारांचा साप आणि कुळागरातलं पिल्लू

पत्र

नमस्कार. आम्ही गोव्यात, सत्तरी तालुक्यात राहतो. माझा मुलगा अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. त्याचे वडील तारवटी, आठ-आठ महिने बोटीवर असतात. घरात मी, सासूबाई, मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. मुलाला लहानपणापासून साप-सरड्यांचं वेड. गेलं वर्षभर 'बॉल पायथन पाळायचा' म्हणून मागे लागलाय. इन्स्टाग्रामवर कुणीतरी चौदा हजारांना, कुरिअरने घरपोच देतो म्हणतो. मी नाही म्हटलं तर दोन दिवस नीट जेवला नाही. त्यातच मागच्या आठवड्यात त्याच्या खाटेखाली बिस्किटांची मोठी प्लास्टिकची बरणी सापडली. झाकणाला भोकं आणि आत साप! म्हणतो, अजगराचं पिल्लू आहे, पोफळीच्या बागेत, कुळागरात, पाटाच्या कडेला मिळालं, तीन आठवडे झाले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवाक डब्यांत घालून दवरता व्हय रे?" तेव्हापासून त्यांनी त्याच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. सोबत फोटो पाठवते. हा साप विषारी आहे का? त्याला तो बॉल पायथन घेऊन द्यावा का? आणि मनातलं विचारते. इतर मुलांना कुत्रा-मांजर हवं असतं, यालाच असं का? याचं काही बिनसलंय का?

(नाव-गाव विनंतीवरून गाळलं आहे.)

उत्तर

ताई,

पत्राखाली तुम्ही फोन नंबर लिहिलात ते फार बरं केलंत. उत्तर छापून यायला पंधरा दिवस जातात आणि तुमचा फोटो पाहिल्यावर पंधरा मिनिटं थांबायचीही माझी तयारी नव्हती. आपलं बोलणं झालंच आहे, पण हे सदर वाचणाऱ्या आणखी किती घरांत खाटेखाली अशी बरणी असेल कोण जाणे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

फोटोत काय दिसत होतं? दीड-पावणेदोन फुटांचं जाडसर अंग, मातकट रंग, पाठीवर गडद तपकिरी डाग. बरणीच्या प्लास्टिकवर ट्यूबलाइट चमकत होती, त्यामुळे डोकं धूसर. अजगराचं पिल्लू असंच दिसतं आणि घोणशीचं पिल्लूही पहिल्या नजरेला असंच दिसतं. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. तिची पिल्लं उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत बाहेर पडतात आणि अजगराची अंडीही साधारण त्याच दिवसांत फुटतात. म्हणजे जुलै महिन्यात सत्तरीतल्या एकाच कुळागरात, एकाच पाटाच्या कडेला दोघांची पिल्लं असू शकतात. घोणशीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून पूर्ण विषारी असतं. 'अजगर आहे' म्हणून घोणस हातात धरल्यामुळे आपल्या देशात माणसं गेली आहेत. त्या संध्याकाळी फोनवर मी तुमच्यावर जरा खेकसले, बरणीचं झाकण उघडू नका, वर जड पाट ठेवा, मुलीला आणि आजींना दुसऱ्या खोलीत न्या, असं एकामागून एक सांगत सुटले, ते एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन खात्याची माणसं आली. पिल्लू अजगराचंच निघालं. तुमच्या मुलाची ओळख बरोबर होती, हे त्याच्या आईने त्याला तोंडावर सांगायला हवं. त्याने कशावरून ओळखलं ते त्याने मला फोनवर सांगितलं: डोक्यावरची गुलाबीसर बाणासारखी खूण, गुळगुळीत चमकणारे खवले, पाठीवरचे एकमेकांशी न जुळणारे वेडेवाकडे डाग. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात, खवले खरखरीत आणि निस्तेज, मान बारीक, नाकपुड्या मोठ्या. हे सगळं त्याला पाठ होतं. सोळा वर्षांच्या पोराने इतकं बारकाईने पाहिलेलं ऐकून मला मनापासून आनंद झाला.

तरीही त्याने हात घातला ही चूकच, आणि मी ती त्याच्याशी बोलतानाही चूकच म्हटली. खवले चमकतात की नाहीत हे बघायला साप जवळ असावा लागतो. ओळखीची परीक्षा हाताने द्यायची नसते. दहा वेळा बरोबर ओळखून अकराव्या वेळी चुकलं तर बारावी वेळ येत नाही. घोणस चावली की रक्त गोठणं थांबतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, विषावरची लस मिळूनही कित्येकांना डायलिसिसवर दिवस काढावे लागतात. तुमच्या गावाहून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पोचायला किती वेळ लागतो ते तुम्ही जाणता. कधी असा प्रसंग आलाच, कुणावरही, तर दोरीने आवळू नका, ब्लेड लावू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरळ जवळच्या सरकारी इस्पितळात जा.

आता कायद्याचं. ताई, हे कडू आहे, पण मुलगा आणि तुम्ही एकत्र बसून वाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं हीसुद्धा शिकारच. अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ-बिबट्यांच्या पंगतीत. त्यातल्या प्राण्याला पकडलं किंवा जवळ ठेवलं तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंगवास आणि किमान पंचवीस हजारांचा दंड. मुलगा अल्पवयीन आहे, त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था असते, पण घर मोठ्यांचं. तुम्ही स्वतःहून कळवलंत आणि पिल्लू धडधाकट परत गेलं, म्हणून गोष्ट समज देण्यावर थांबली. धामण, दिवड, नाग, घोरपड, सरडा, कासव, आपल्या रानातलं काहीही घरात ठेवायला परवानगी नाही. 'जखमी होतं म्हणून आणलं', 'मांजर खाईल म्हणून उचललं' ही कारणंही चालत नाहीत. जखमी दिसलं तर वन खात्याला कळवायचं आणि ते येईपर्यंत लांब उभं राहून नजर ठेवायची, एवढंच आपलं काम.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या पिल्लाचं काय चाललं होतं ते मुलाला कळायला हवं. तीन आठवडे ते काहीही न खाता बरणीत होतं. 'शांत आहे, कध्धी फुसफुसत नाही,' असं तो म्हणाला. अहो, शांत नव्हतं ते. त्याला अंग पसरायला जागा नव्हती, लपायला पालापाचोळा नव्हता, दिवसातून दहा वेळा झाकण उघडून एक भलं मोठं तोंड आत डोकावत होतं. साप ओरडत नाही, रडत नाही, कुत्र्यासारखा कोपऱ्यात जाऊन कुईकुई करत नाही. घाबरला की बहुतेक वेळा नुसता निश्चल होतो. आपण त्या निश्चलतेला माणसाळणं समजतो.

इथून मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण बॉल पायथनची सारी लोकप्रियता याच गैरसमजावर उभी आहे. त्याला 'बॉल' का म्हणतात? भीती वाटली की तो डोकं मधे घेऊन स्वतःभोवती घट्ट चेंडू करतो. व्हिडिओत तळहातावर गुंडाळून बसलेला साप लाडात आल्यासारखा दिसतो. तो लाडात आलेला नसतो, लपायला दुसरी जागा नाही म्हणून स्वतःतच लपलेला असतो. चांगल्या पाळणाऱ्याकडे महिनोन् महिने राहिला की त्याची भीती मोडते, हाताची सवय होते, हेही खरं. पण सवय म्हणजे माया नव्हे. कुत्रा तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. हा बसणार नाही. वीस-पंचवीस वर्षं रोज पाणी बदला, घाण काढा, उब सांभाळा, आणि तो तुम्हाला ओळखेल की नाही याची खात्री नाही. अशी एकतर्फी माया करता येते. मी करणारी माणसं पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या मुलाने ती आपल्याला जमेल का हे स्वतःला विचारायला हवं. चौदा हजारांचा प्रश्न त्यानंतरचा.

वर्षांचा हिशेब नीट बघा. नीट ठेवलेला बॉल पायथन वीस ते तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या मादीने २०२० साली अंडी घातली. तुमचा मुलगा अकरावीत. दोन वर्षांनी तो इंजिनियरिंगला नाही तर आणखी कशाला फर्मागुडीला, पणजीला, पुण्याला जाईल. वसतिगृहात साप ठेवू देत नाहीत. वडील बोटीवर. सासूबाई खोलीत पाय ठेवत नाहीत. मुलगी चार वर्षांची. मग साप कुणाचा? ताई, तो तुमचा. मुलासाठी घ्यायचा की नाही असं विचारू नका. आपण स्वतः तो पाळायला तयार आहोत का, असं विचारा. तुमच्या पत्रात मला तसं कुठेच दिसलं नाही.

खाणं-पिणं तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. बॉल पायथनला पाले-भाज्या चालत नाहीत, दूध तर कुठलाच साप पीत नाही. त्याला उंदीर लागतात, लहानपणी आठवड्याला एक, मोठेपणी पंधरवड्याला एक. जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडणं उंदरावर क्रौर्य आहे आणि सापालाही धोक्याचं, भेदरलेला उंदीर सापाचं अंग कुरतडतो. म्हणून जाणकार लोक मारून गोठवलेले उंदीर वापरतात आणि कोमट पाण्यात ऊब आणून चिमट्याने देतात. म्हणजे तुमच्या फ्रीझरमध्ये बांगडे, सोलांची पिशवी आणि शेजारी उंदरांची डबी. जूनमध्ये सत्तरीत वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा ती डबीही वितळणार. त्यातून हा साप कधीकधी कारण नसताना दोन-तीन महिने काहीच खात नाही. अनुभवी माणूस वजन करत शांत राहतो. नवखा घाबरून रोज नवा उंदीर नाकापुढे धरतो आणि साप आणखी बिथरतो.

उबेचं गणित त्याहून नाजूक. सापाला स्वतःची ऊब नसते, तो ती बाहेरून घेतो. पेटीच्या एका टोकाला साधारण ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६-२७, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येईल. दोन्ही टोकांना लपायला जागा, खाली गरम पॅड आणि त्यावर थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट नसलेल्या पॅडवर साप भाजतो आणि तरी उठत नाही. पोट पोळलेले साप मी बघितले आहेत. गोव्याच्या दमट हवेचा या जातीला फायदाच आहे, पण पावसाळ्यात पेटीतला भुसा ओलसर राहिला की खवले सडतात, छातीत कफ होतो, साप तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागतो. डिसेंबरात तुमच्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो, वीज गेली तर इन्व्हर्टर हवा. आणि झाकणाला कडी हवीच. हा साप निसटण्यात पटाईत आहे. निसटून शेजाऱ्याच्या पडवीत निघाला तर ठिपके बघून शेजारी आधी दांडा घेईल, चौकशी नंतर करेल.

एक आठवण सांगते. मी आयुष्यभर गुरांची डॉक्टर, फोंड्यात संध्याकाळी लहान जनावरंही बघायचे. एकदा सासष्टीतल्या एका फ्लॅटमधून एक जोडपं टोपलीत हिरवा इग्वाना घेऊन आलं. दोन वर्षांचा, नाव 'राजा'. 'हल्ली फार गुटगुटीत झालाय पण चढत नाही,' अशी तक्रार. मागच्या मांड्या खरंच भरलेल्या दिसत होत्या. मी त्याचा खालचा जबडा दोन बोटांत धरला तर तो वाकला, रबरी चपलेचा पट्टा वाकावा तसा. मांड्यांत मांस नव्हतं, हाडं कॅल्शियम गमावून फुगली होती. त्याला प्रेमाने रोज काकडी आणि लेट्यूस मिळत होतं, आणि उजेडासाठी स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट. दिवसा खिडकीशी ऊन खायला ठेवायचे, पण काचेच्या आड. उन्हातले जे अतिनील किरण अंगात ड जीवनसत्त्व बनवतात ते काचेतून पार होत नाहीत. ड नाही म्हणून कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतूनच ते ओढतं. दोन वर्षं ते जनावर त्यांच्या डोळ्यांदेखत झिजत होतं आणि त्यांना तो गुटगुटीत वाटत होता. त्या वेळी माझंही सरपटणाऱ्यांचं ज्ञान तोकडं होतं. मुंबईतल्या एका सहकाऱ्याला फोन करून करून उपचार केले. राजा गेला. ती बाई टोपली घेऊन बराच वेळ पायरीवर बसली होती. तिने निष्काळजीपणा केला असं मी कधीच म्हणणार नाही. काय बघायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. विकणाऱ्याने तर नाहीच.

म्हणून प्राणी घेण्याआधी त्याचा डॉक्टर शोधावा. तुमच्या भागात कुत्र्या-गुरांचे चांगले डॉक्टर आहेत, पण त्यांच्यापैकी कोण साप तपासतो, सापाच्या श्वासाच्या आजारावर कोण औषध देतो, हे मुलाने आधी स्वतः फोन करून विचारावं. तीन फोन करायला लावा. त्यात त्याला बरंच काही कळेल.

तो इन्स्टाग्रामवाला. बॉल पायथन आपल्या देशातला नाही, पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. परदेशी असल्यामुळे तो बाळगणं सरसकट गुन्हा नाही, हे मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. पण त्याने अर्धंच वाचलंय. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारात सगळे अजगर येतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत असे प्राणी घातले आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम आले: असा जिवंत प्राणी जवळ असेल तर केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची, नवा घेतला तर तीस दिवसांच्या आत. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तरी कळवायचं. विकणाऱ्याला एकच विचारा: 'तुमच्या नावावरची नोंद दाखवा आणि हा कुठून आला त्याचे कागद द्या.' कुरिअरने डब्यात घालून पाठवणाऱ्याकडे ते असतील असं मला वाटत नाही. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांतून बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक निघाले होते. इन्स्टाग्रामवर फिरणारा साप असाच आलेला नसेल कशावरून? त्याच माणसाच्या यादीत मांडूळ किंवा चांदणी कासव दिसलं तर तिथेच बोलणं तोडा. मांडुळाने धन सापडतं, कासवाने भरभराट होते या समजुतींवर हे बाजार चालतात आणि दोन्ही प्राणी आपल्या रानातून चोरून आणलेले असतात.

सासूबाईंचं बोलणं माझ्या मनाला फार भिडलं. त्या भीतीने बोलल्या असं तुम्हाला वाटलं, मला ते तसं वाटत नाही. आपल्याकडे सातेरी देवी म्हणजे वारूळ, रोयण. देवीची मूर्ती नसेल तिथेही वारूळ पुजतात आणि वारुळातल्याला हात लावत नाहीत. नागपंचमीला पाटावर मातीचा नाग, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, आणि खरा नाग आपल्या वाटेने गेलेला. जवळ आणायचं नाही पण मान द्यायचा, ही रीत आपल्या माणसांना शेकडो वर्षं ठाऊक आहे. गंमत बघा, बॉल पायथनही त्याच्या मूळ मुलखात वारुळांत आणि उंदरांच्या बिळांत राहतो, आणि बेनिनमध्ये विदा नावाच्या गावी त्याचं देऊळ आहे, तिथे हे साप पूज्य मानतात. मुलाला हे आजीजवळ बसून वाचून दाखवायला सांगा. ती खोलीत येईल की नाही माहीत नाही, पण दोघांचं बोलणं तरी सुरू होईल.

तुमची चार वर्षांची मुलगी हेही एक मोठं कारण आहे. साप-सरडे-कासवं, दिसायला निरोगी असली तरी, आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू बाळगतात. मोठ्याला जुलाब होऊन निभावेल, पण पाच वर्षांखालच्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना ते फार आजारी पाडू शकतात. तुमच्या घरात दोन्ही आहेत.

तर माझं मत: आता नाही. कधीच नाही असं मी म्हणत नाही. तो शिकून, कमावून, स्वतःच्या खोलीत राहू लागला, मुलगी मोठी झाली, कागदपत्रांसह पिंजऱ्यातच जन्मलेला प्राणी मिळाला आणि त्याची हौस तेव्हाही टिकली, तर खुशाल घेऊ द्या. तोपर्यंत त्याला मोकळं सोडू नका मात्र. नुसतं 'नाही' म्हटलंत तर पुढची बरणी खाटेखाली नाही, दुसऱ्या कुणाच्या घरी असेल.

त्याला काम द्या. तुमचं कुळागर हे जगातलं फार थोड्यांना मिळणारं अंगण आहे. पावसाने उघडीप दिली की सकाळी नऊ-दहाच्या उन्हात पोफळीच्या खोडाकडे बघायला सांगा, माणसाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला. सालीच्याच रंगाचा एक सरडा तिथे चिकटलेला असतो, दिसतच नाही. मग अचानक गळ्याखालून लिंबासारखी पिवळी पताका बाहेर येते, आत जाते, पुन्हा येते. नर असतो तो. दुसरा नर आला किंवा तुम्ही फार जवळ गेलात की तो खोड सोडतो आणि लांबवलेल्या फासळ्यांवरचं कातडं पसरून पुढच्या पोफळीवर उतरतो. उडता सरडा. पश्चिम घाटाच्या या पट्ट्यातला. असला प्राणी दुकानात मिळत नाही आणि पिंजऱ्यात जगतही नाही, पण तुमच्या मुलाच्या तो रोजच्या वाटेवर आहे. मी साठीत आहे आणि अजूनही तो उतरताना दिसला की थांबते.

वही करायला सांगा. तारीख, वेळ, ऊन की ढग, कोणत्या झाडावर, किती वेळा पताका. घरातल्या ट्यूबलाइटपाशी येणाऱ्या पालीसुद्धा. कुठली आधी येते, कुठली दुसरीला हुसकावते, गळून पडलेली शेपटी पुन्हा किती दिवसांत किती वाढली. फोटो काढायचे ते दुरून. साप दिसला तर दोन मीटरच्या पलीकडून, आणि हाताचा उपयोग फक्त वहीत लिहिण्यासाठी. सुट्टीत एकदा बोंडल्याच्या अभयारण्यात जा, एकदा चोर्ला घाटाच्या रस्त्याला पावसात, चापडा हा विषारी साप झाडावर कसा बसतो ते बघायला, सोबत जाणतं माणूस घेऊन. अठरा पूर्ण झाल्यावर सापांची सुटका कशी करतात हे वन खात्याच्या माणसांकडून रीतसर शिकता येईल. प्राणिशास्त्र घेऊन पुढे जायचं असेल तर वाट मोकळी आहे.

शेवटचा प्रश्न तुम्ही सर्वांत हळू आवाजात विचारलात. तुमच्या मुलाचं काही बिनसलेलं नाही, ताई. ज्याच्याकडे बघून लोक दांडा उचलतात त्याच्याकडे तो टक लावून बघतो. त्याने एका पिल्लाला त्रास दिला हे खरं, पण तो अज्ञानाने, आणि ते पिल्लू नेताना तो गाडीमागे धावत फाटकापर्यंत गेला असं तुम्हीच सांगितलंत. एकच गोष्ट मनावर घ्या. त्याने ते तीन आठवडे तुमच्यापासून लपवलं. 'आई ओरडेल, मारून टाकायला सांगेल,' असं त्याला वाटलं. पुढच्या वेळी काही दिसलं तर आधी तुम्हालाच सांगेल असं काही करा. तो वही घेऊन आला की हातातलं काम ठेवून पाच मिनिटं बघा. समजलं नाही तरी बघा. वडिलांशी व्हिडिओ कॉल होतो तेव्हा पताकेचा सरडा त्यांना तोच दाखवू दे.

वहीतलं पहिलं पान भरलं की फोटो मला पाठवायला सांगा, उत्तर मी त्याच्याच नावाने लिहीन. आणि ती बिस्किटांची बरणी साबणाने, मग ब्लीचच्या पाण्याने धुवा, पण स्वयंपाकघराच्या मोरीत नाही, बाहेरच्या नळावर. कितीही स्वच्छ दिसली तरी तिच्यात पुन्हा खायचं काही ठेवू नका.